कोमट निरोप

"बरं केलंस, थांबवलंस ते," इक्बाल म्हणाला आणि त्याने चहा बशीत ओतला.

शर्वरीला वाटलं, हा दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलतोय. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी गर्दी होती म्हणून तो तिच्या टेबलाशी येऊन बसला होता. एरवी ती दोघं वर्षभरात अशी समोरासमोर बसलीच नव्हती. एकाच मजल्यावर, दोन टेबलं सोडून काम करायची. पण जे काही बोलायचं ते लिहून पाठवायची, आणि त्यात सगळं भागत होतं.

"काय थांबवलं मी?"

"कानोसा. आणखी काय! उद्या जांभूळवाडीच्या कारखान्यात बॉयलर पेटणार. तुला लिहिलं त्यानंतर आठवडाभर मला घास गोड लागत नव्हता. तुझा मेसेज आला तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला."

शर्वरीने कप खाली ठेवला. "इक्बाल, मी काहीही थांबवलेलं नाही. कानोसा तिथे बसवूनसुद्धा झाला. तूच तर लिहिलं होतंस, चाचण्या समाधानकारक आहेत म्हणून."

इक्बालची बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली. "मी लिहिलं होतं, हे कारखान्याला देऊ नका, माणसं मरतील. ह्याच शब्दांत."

दोघांनी एकदमच खिशातून फोन काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. त्याच्या फोनवर त्याने पाठवलेलं होतं: 'ओल्या भुशात कानोसा बहिरा होतो. तीनांतली एक गळती त्याला ऐकूच येत नाही. हे देऊ नका. माणसं मरतील.' तिच्या फोनवर तोच निरोप असा उतरला होता: 'चाचण्या एकंदरीत समाधानकारक. भुशातल्या ओलाव्याचा थोडा परिणाम दिसतो. पुढच्या टप्प्यात त्यावर काम करता आलं तर छान होईल.'

तिने उत्तर दिलं होतं: 'ठीक आहे, ते पुढच्या टप्प्यात बघू. आत्ता देऊन टाकते.' त्याला मिळालं होतं: 'तुझी काळजी अगदी योग्य आहे. ते आधी बघू या.'

इक्बालने दोन्ही फोन पुन्हा एकदा वाचले. मग म्हणाला, "हे तुझ्या निरोप्याने केलं."

कानोसा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये शेकडो पोलादी नळ्या असतात. त्यांत पाणी, बाहेरून जाळ. पाण्याची वाफ होते, ती दाबून धरलेली असते आणि तिच्या जोरावर अख्खा कारखाना फिरतो. नळीला सुईच्या टोकाएवढं जरी भोक पडलं तरी त्यातून वाफ शिट्टीसारखी बारीक आवाज करत निसटते. तो आवाज वेळेवर ऐकला तर बॉयलर विझवून नळी बदलता येते. नाही ऐकला तर भोक वाढतं, आणि एखाद्या क्षणी नळी फाटून उकळती वाफ शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येते. म्हणून पूर्वीपासून बॉयलरभोवती माणसं सतत फेरी मारत, कान देऊन ऐकत. शर्वरीच्या गटाने त्यांच्या जागी यंत्राचे कान बसवले होते. बॉयलरला ठिकठिकाणी चिकटवलेल्या बटणाएवढ्या चकत्या आवाज टिपत आणि संगणक त्यातून गळतीची शिट्टी वेगळी काढी. त्याचं नाव कानोसा. यंदाच्या हंगामात जांभूळवाडीला माणसांची फेरी बंद होणार होती.

इक्बालचं काम कानोशाची परीक्षा घेण्याचं. त्याच्या ध्यानात आलं की कानोसा शिकला तो कोरड्या भुशाच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या जाळावर. ओला भुसा जळताना स्वतःच चरचरतो, फुसफुसतो, आणि त्या आवाजात शिट्टी बुडून जाते. हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटवतात तो गेल्या वर्षीच्या उरलेल्या भुशावर. पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या.

"चल," शर्वरी उठली. तिला बसवत नव्हतं. खरं तर कित्येक महिने तिला असंच होत होतं. संस्थेत सगळं सुरळीत, कुणाची तक्रार नाही, आणि तरी कामाच्या मधेच ती उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं. काय ते सापडायचं नाही.

निरोप्या तिनेच बांधला होता, आणि चांगल्या हेतूने. तेजल ढेकणे नावाची एक हुशार मुलगी संस्थेत नवी आली होती. एका वरिष्ठाने तिच्या पहिल्या अहवालावर एका ओळीचा मेसेज टाकला: 'हे लिहायला डोकं लागत नाही, आणि तुम्ही ते वापरलेलंही नाही.' मुलगी पंधरवडाभर आली नाही, मग राजीनामाच आला. शर्वरीला ते लागलं होतं. माणसं वाईट नसतात, घाईत असतात. मग मधे एक समजूतदार निरोप्या असला तर?

त्याची युक्ती अशी. तुम्ही एखाद्याला पुष्कळ दिवस पत्रं लिहिलीत, की तुम्हाला अंदाज येतो, अमुक वाक्य वाचून हा हसेल, तमुक वाचून चिडेल. निरोप्या संस्थेतल्या आणि संस्थेशी व्यवहार असलेल्या प्रत्येकाचा असा अंदाज बांधी. प्रत्येक माणसाची एक पडछायाच त्याने संगणकात तयार केली होती. तुम्ही निरोप लिहिला, की तो तोच निरोप हजार तऱ्हांनी लिहून बघे, प्रत्येक तऱ्हा वाचणाऱ्याच्या पडछायेला वाचायला देई, आणि ज्या तऱ्हेने पडछाया सगळ्यांत कमी अस्वस्थ होई तीच खऱ्या माणसाकडे धाडी. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. गेल्या महिन्यापासून फोनवरही तेच चाललं होतं. बोलणाऱ्याचाच आवाज, पण शब्द आणि सूर निरोप्याचे.

शर्वरीने आपल्या टेबलाशी बसून त्याची आतली गणितं उघडली. इक्बाल मागे उभा राहिला. पूर्वी असा मागे उभा राहिला की ती वैतागायची.

"ही बघ सुरुवातीची अट," ती म्हणाली. "अर्थ तोच राहिला पाहिजे. शंभरातला एखादा भाग इकडेतिकडे झाला तर चालेल, एवढीच सूट होती."

"एवढ्याशा सवलतीत माणसं मरण्याचं समाधानकारक कसं झालं?"

ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिला ते दिसलं. "एकदाच नाही झालं. तू लिहिलंस, ते आधी चाचणी गटाच्या गोषवाऱ्यात गेलं. तिथून साप्ताहिक अहवालात, तिथून माझ्याकडे. दर ठिकाणी निरोप्या. उकळतं दूध या भांड्यातून त्या भांड्यात ओतत गेलं की कसं होतं? प्रत्येक वेळी थोडंसंच निवतं. शेवटच्या भांड्यात बोट घातलं तर कोमट लागतं."

"आणि तुम्ही हे कधी तपासलं नाही?"

"तपासलं की! दर महिन्याला. वाचणाऱ्याला विचारायचो, निरोप नीट कळला का, मन शांत राहिलं का. लिहिणाऱ्याला विचारायचो, काम झालं का. दोघंही हो म्हणायचे." ती थांबली. "दोघांना एकत्र बसवून कधी विचारलं नाही. तोपर्यंत एकत्र बसणारं कुणी राहिलेलंच नव्हतं ना."

तिने कानोशाबद्दलचे सगळे मूळ निरोप काढले. शंका इक्बाललाच आली होती असं नाही. चकत्या बनवणाऱ्या मुलीला आली होती, आकडे सांभाळणाऱ्याला आली होती. प्रत्येकाने लिहिली होती, आणि प्रत्येकाला उत्तरं अशी मिळाली होती की बाकी सगळे निर्धास्त आहेत, आपणच उगाच घाबरतोय.

तिने तिथूनच कारखान्याचे मुख्य अभियंता आडनाईक यांना फोन लावला. "आडनाईक साहेब, कानोसा बंद करा. फेरी बंद करू नका. धोका आहे."

"हो, हो, मॅडम," पलीकडून मायाळू आवाज आला. "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे. जरूर विचार करू."

शर्वरीने फोन कानापासून दूर धरला. आडनाईकांना ती एकदाच भेटली होती. लोखंडी दार आपटावं तसा त्यांचा आवाज होता. हा आवाज त्यांचा नव्हता, म्हणजे पलीकडे पोचलेला आवाजही तिचा नव्हता.

"मी गाडी काढतो," इक्बाल म्हणाला.

"आधी मॅडमना सांगते."

संचालिका वत्सला पाटणकर यांनी केबिनचं दार वाजल्यावर नवलाने वर पाहिलं. त्या दारावर हल्ली कुणी टकटक करत नसे. शर्वरीने सगळं सांगितलं. बोलताना तिला जाणवलं, आपली वाक्यं भरकटतायत, नको तिथे 'कदाचित' येतंय. वर्षभर तिची वाक्यं दुसराच कुणीतरी नीट करून देत होता.

मॅडमनी मात्र पटकन पकडलं. "कानोसा काढून घ्या. आत्ताच्या आत्ता. त्यात प्रश्नच नाही."

"ते विचारतील, आधी का नाही सांगितलं?"

"सांगा, चाचण्या वेळेत पुऱ्या झाल्या नाहीत."

"चाचण्या पुऱ्या झाल्या होत्या, मॅडम. इक्बालने वेळेतच केल्या होत्या."

"शर्वरी, बसा जरा." मॅडमनी चष्मा काढला. "गुरुवारी आरोग्य खात्याशी करार आहे. बारा जिल्ह्यांच्या दवाखान्यांत निरोप्या जाणार. दोन वर्षं मी त्यासाठी मुंबईच्या चकरा मारल्यात. आज त्याचं नाव खराब झालं तर उद्या ही संस्था कशावर चालवायची? आणि तेजल आठवते ना? तशा पोरी सरकारी दवाखान्यांत रोज रडत घरी जातात. त्यांच्यासाठीच बांधलात ना तुम्ही तो? असेल दोष, तर काढा. करार झाल्यावर सवडीने काढा. इक्बालचं मी बघते. त्याच्या नोकरीला काही होऊ देणार नाही."

वाईट माणसाचं बोलणं नव्हतं ते. तिच्या डोळ्यांपुढे एक नर्स आली. कुठल्यातरी दुर्गम दवाखान्यात ती लिहितेय, सर्पदंशावरची लस संपली, माणूस दारात निपचित पडलाय. आणि जिल्ह्याच्या गावी साहेब वाचतायत, लसीचा साठा सवडीने वाढवता आला तर बरं होईल.

"मी जाऊन येते," एवढंच ती म्हणाली.

रस्त्यात इक्बाल गाडी चालवत होता आणि शर्वरी फोन मांडीवर उलटासुलटा करत होती. उसाच्या शेतांतून ऊन तिरपं येत होतं. मॅडमचं म्हणणं तिने त्याला सांगितलं. लपवावंसं वाटलं होतं, पण सांगितलं.

"म्हणजे माझ्या डोक्यावर फोडायचं," तो म्हणाला.

"मी असं म्हटलं नाही."

"पण नाहीसुद्धा म्हटलं नाहीस तिथं." त्याने गिअर बदलल्यासारखा हात उगाच हलवला, विजेच्या गाडीला गिअर नव्हताच, जुनी सवय. "एक सांग. वर्षभर मी तुझ्याशी इतका गोड बोलत होतो, तुला एकदाही शंका आली नाही? चौदा वर्षं ओळखतेस मला. मी कधी 'छान होईल' असं लिहिलंय?"

"आणि तुला नाही आली? मी तुझं म्हणणं एका फटक्यात मान्य करते? मी?"

"आली की."

"मग?"

"बरं वाटलं." तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "म्हटलं, चला, शहाणी झाली."

"मलाही बरं वाटलं," ती म्हणाली. "म्हटलं, माणूस निवळला."

"निवळतोय कशाला? त्या गोषवाऱ्यासकट फाडून खाल्ली असती तुला, कानोसा बसवलास हे कळलं असतं तर."

"मग खा ना! आत्ता खा! गप्प काय बसलास?"

आणि मग ती दोघं भांडली. कडाडून, एकमेकांचं वाक्य तोडत, जुनी उणीदुणी काढत. तू डस्टर फेकला होतास, तो खडू होता, तू माझं नाव शोधनिबंधात शेवटी घातलंस, तू तीन दिवस बोलला नव्हतास. कारखान्याची चिमणी दिसायला लागली तेव्हा दोघांचाही घसा बसला होता. शर्वरीने पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली.

बॉयलरसमोर मांडव घातला होता. पाटावर नारळांची रास, झेंडूची तोरणं अर्धी बांधलेली. उद्या सकाळी बॉयलरची पूजा आणि मग जाळ. एक जण स्पीकरवर हॅलो हॅलो करत होता. आडनाईक साहेब शिडीवर चढलेल्या माणसाला ओरडत होते, "आरं, तोरण सरळ बांध की! लग्नाचा मांडव हाय व्हय?"

शर्वरीला बघून ते खाली आले. "या, या! उद्याचं आमंत्रण, तुम्ही आजच आलासा?"

"साहेब, कानोसा बंद करा. फेरी चालू ठेवा." तिने एका दमात सांगितलं. ओला भुसा, चरचर, बुडणारी शिट्टी.

आडनाईकांचा चेहरा बदलत गेला. बॉयलरभोवती फेरी मारणारी चार माणसं तोरण सोडून जवळ आली होती. त्यांचं काम उद्यापासून बंद होणार होतं.

"म्हणजे उद्या आम्ही ह्याच्यावर भरवसा टाकून इथं उभं राहणार होतो," आडनाईक हळू म्हणाले. मग लोखंडी दार आपटलं. "मग आधी का नाही सांगितलं? का? आज सांगताय? नारळ आणून ठेवल्यावर?"

वर्षभरात शर्वरीवर कुणी ओरडलं नव्हतं. 'चाचण्या पुऱ्या झाल्या नव्हत्या,' चारच शब्द होते, आणि तोंडात तयार होते. इक्बाल बाजूला उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता. चिमणीकडे बघत होता. तिला सुटता यावं म्हणून.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "ह्यांनी, इक्बाल मुजावरांनी, चाचण्या पुऱ्या करून महिन्यापूर्वीच लिहिलं होतं, माणसं मरतील म्हणून. ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. आमच्याकडे निरोप गोड करून पोचवणारं एक यंत्र आहे, त्याने धोकाच पुसून टाकला. ते यंत्र मी बांधलंय. तुमच्याशी आमचे मेसेज, फोन, सगळं त्याच्यातूनच येतं. दुपारचा माझा फोनसुद्धा."

आडनाईकांनी डोळे बारीक केले. "थांबा. दसऱ्याच्या आधी मी तुम्हाला लिहिलं होतं. मिळालं का ते?"

"मिळालं. तुम्ही अभिनंदन केलं होतं."

"अभिनंदन?" फेरीच्या माणसांपैकी एक जण फिस्सकन हसला. "मी लिहिलं होतं, बाई, ते डबडं घेऊन जावा परत. माझी माणसं काढायची असली तर आधी मला काढा. आणखीही लिहिलं होतं, ते आता बायकामाणसासमोर बोलत नाही."

"बोला," शर्वरी म्हणाली. "पत्र माझ्याच नावाचं होतं."

ते बोलले. चांगली पाच मिनिटं बोलले, हातवारे करून, तिच्या शिक्षणापासून टेकडीवरच्या तिच्या संस्थेपर्यंत कशालाही न सोडता. शर्वरी ऐकत होती, आणि एकेका वाक्यासरशी तिला कळत होतं की हे वाक्य दसऱ्याआधी मिळालं असतं तर तिने काय केलं असतं. दोनदा तिने मधे प्रश्न विचारला. दुसऱ्या प्रश्नाला आडनाईक जरा थबकले आणि उत्तर देताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

मग ते वळले. "ए, फेरी चालू उद्यापासून. जुन्या पाळ्या तशाच. आणि त्या चकत्यांची वायर काढा." खिशातून फोन काढत ते म्हणाले, "चेअरमनना सांगायला पाहिजे. ते तुमच्या मॅडमना विचारल्याशिवाय राहायचे नाहीत, हे ध्यानात असू द्या."

"विचारू देत."

"दवाखान्यात पण जाणार हाय म्हणे तुमचं हे गोड यंत्र? पेपरात आलं होतं."

"मी असेपर्यंत नाही," शर्वरी म्हणाली. आपण हे बोललो याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

परतताना ती गाडी चालवायला बसली. कारखान्याचं फाटक ओलांडलं न ओलांडलं तोच तिचा फोन वाजला. पाटणकर मॅडम. तिने गाडी कडेला घेतली.

"शर्वरी," मॅडमचाच आवाज, सायीसारखा मऊ. "आजच्या तुमच्या कामाबद्दल कळलं. कधीतरी वेळ काढून भेटू या. काही घाई नाही हं. सावकाश या." आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाल्या?" इक्बालने विचारलं.

"काही घाई नाही म्हणाल्या. सावकाश या."

"बाप रे. एवढ्या भडकल्यात?"

"नोकरी गेली की राहिली, काही कळत नाही या आवाजावरून." तिने फोन मागच्या सीटवर टाकला. "गुरुवारचा करार होणार की नाही, तेही नाही."

"सकाळी जा. झोप काढ, मग जा. मी येतो बरोबर."

"नको. आत्ताच जाते, त्या अजून केबिनमध्ये असतील." तिने गाडी रस्त्यावर घेतली. "त्या खरंच काय म्हणाल्या ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

इक्बालने पट्टा आवळला. "मग अशी बैलगाडीसारखी काय चालवतेस? दाब की."